मुसाफिराचं गाव

माझं लहानपण संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यात गेलं. मेहमूद दरवाजा ओलांडला की पाणचक्की. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईचा डोळा लागला की आम्ही भावंडं हौदाच्या काठावर जाऊन बसायचो. वडाची गार सावली, भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार, हौदातले मोठाले मासे. शेजारी दर्गा. तिथं झोपलेले बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश ही नावं आमच्या कानावरून रोज जायची. पलंगपोस म्हणजे गादीवरची चादर, एवढंच आम्हाला माहीत. मुसाफिर म्हणजे प्रवासी. हा प्रवासी कुठून निघाला होता, हा प्रश्न मात्र कधी कुणी विचारला नाही. मलाही तो पडला तो साठी जवळ आल्यावर.

पोस्टातली नोकरी संपल्यावर मी आणि धाकटी बहीण एका मोठ्या टूरबरोबर परदेशात जाऊन आलो होतो. बेचाळीस माणसं, पुढे झेंडी घेतलेला मुलगा आणि प्रत्येक ठिकाणी एकच सूचना : वीस मिनिटं, फोटो काढा, बसमध्ये या. सात दिवसांत अकरा गावं उरकली. घरी आल्यावर कुठला राजवाडा कुठल्या गावचा यावरून आम्हा बहिणींत वाद व्हायचा. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. एवढ्या लांब जाऊन आपण कशापाशीच थांबलो नाही, ही रुखरुख होती.

म्हणून सरांच्या गटाबद्दल कळलं तेव्हा मी त्याच दिवशी फोन केला. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. एका वर्षात एकच देश, आणि बाराच्या वर माणूस घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. त्या वर्षी उझबेकिस्तान ठरलं होतं. ताश्कंद, समरकंद, बुखारा, एवढंच. आठ दिवस. खिवा बघायची माझी फार इच्छा होती, पण सर म्हणाले, ‘‘ताई, तीन गावं नीट बघू. चौथं घेतलं की चारही हातातून जातात.’’ तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं.

त्यांची दुसरी अट मला जास्त आवडली. निघायच्या आधी तीन रविवार संभाजीनगरात जमायचं, आणि तिकडे जे बघायचं त्याचं इथलं नातं आधी बघून यायचं. परभणीचे शेतकरी दादा-वहिनी, लातूरचे काका, जालन्याचे डॉक्टर, नांदेडच्या दोन शिक्षिका, सगळे त्यासाठी पहाटेची गाडी धरून यायचे.

पहिला रविवार पाणचक्कीचा. जिथं मी वाढले तिथंच मला कोणी तरी पहिल्यांदा जागा समजावून सांगत होतं. पाणी शहराच्या उत्तरेला, हर्सूलकडच्या डोंगरातून जमिनीखालच्या खापरी नळांनी आणलेलं. ते उंच भिंतीवर चढवायचं, तिथून खाली सोडायचं, त्या जोरावर खालचं पात्यांचं चाक फिरवायचं आणि चाकाबरोबर वरची जाती. दर्ग्यात राहणाऱ्या फकिरांसाठी, शिष्यांसाठी पीठ इथं दळलं जायचं. ज्या हौदाच्या काठावर मी बालपण काढलं त्याच्या पोटाखाली प्रशस्त दालन आहे, आणि हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत, हेही मला त्या दिवशी कळलं. सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, ‘‘आणि हे दोन्ही बाबा गिजदुवानचे. बुखाऱ्याच्या जवळचं गाव. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून दख्खनेत आले. नक्शबंदी या सूफी परंपरेतले.’’

मी तिथंच विचारलं, ‘‘मग आपण गिजदुवानला जाणार का?’’

‘‘कार्यक्रमात नाही. पण अकराच माणसं आहोत. बघू.’’

दुसऱ्या रविवारी कागजीपुरा. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारं हे गाव. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी इथं हातकागदाचा धंदा बसवला असं गावातले लोक सांगतात. लगद्यात साचा बुडवायचा, हलवत वर काढायचा, पाणी निथळलं की ओला कागद अलगद उलटायचा. मी तो ओला ताव बोटाने चाचपून पाहिला, ओल्या पापडासारखा. तिसरा रविवार कागदपत्रांचा. व्हिसा ऑनलाइन मिळतो, आम्ही काढला तेव्हा फी वीस डॉलर होती. लातूरच्या काकांच्या पासपोर्टावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एका ओळीत आलेलं आणि अर्जात रकाने वेगळे, त्यामुळे त्यांचा अर्ज पहिल्या वेळी परत आला. पासपोर्टात जसं आहे तसं अक्षर न् अक्षर भरा, हे कुणी जाणार असेल तर मी आवर्जून सांगते.

सप्टेंबरच्या शेवटी निघालो. दादा-वहिनी माळकरी, त्यामुळे वहिनींच्या बॅगेत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू. तिकडे मांसाहार जास्त हे खरं, पण उपाशी कोणी राहिलं नाही. टोमॅटो-कांद्याची बारीक चिरलेली कोशिंबीर, भोपळ्याचं सारण भरलेला सोमसा, द्राक्षं, खरबुजं आणि तंदुरातून निघालेली, मधोमध ठशाची नक्षी असलेली रोटी. तिला ते ‘नोन’ म्हणतात. नोन सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची आणि ताटात पालथी ठेवायची नाही. गाईडने हे सांगितलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘‘भाकरीवर सुरी कोण चालवंल?’’

गाईडबद्दल वेगळं सांगायला हवं. तिशीतली बुखाऱ्याची मुलगी, ताश्कंदला विद्यापीठात हिंदी शिकलेली. उझबेकमध्ये मोठ्या भावाला ‘अका’ म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने परभणीच्या दादांना अका म्हणून हाक मारली आणि वहिनी खळखळून हसल्या, कारण आपल्याकडं आक्का म्हणजे थोरली बहीण. त्या दिवसापासून दादा सगळ्या गटाचे अका झाले. शब्दांचा हा खेळ मग आठ दिवस चालला. बोझोर म्हणजे बाजार, दर्वोझा म्हणजे दरवाजा, कितोब, रूमोल, पियोला. हौदाला होवूझ. पण सब्झी म्हणजे गाजर! भाजी समजून सब्झी मागवली आणि ताटभर गाजरं आली. मी वहीत एकशे चौदा शब्द लिहून आणलेत. पोस्टात असताना पत्त्यांवर आमच्या शहराच्या मोहल्ल्यांची नावं वाचायचे, त्यातले कितीतरी शब्द मला तिथं रस्त्यावर भेटले.

ताश्कंदबद्दल थोडक्यात सांगते. १९६६ च्या भूकंपानंतर शहराचा बराचसा भाग नव्याने उभा राहिलेला, रस्ते रुंद, झाडं भरपूर. मेट्रोची स्थानकं राजवाड्यासारखी सजवलेली. आम्हाला ओढ होती ती शास्त्रीजींच्या पुतळ्याची. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करारावर सही झाली आणि त्याच रात्री, ११ तारखेच्या पहाटे, ते तिथं गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि अर्धपुतळा आहे. लातूरचे काका तेव्हा शाळेत होते. बातमी रेडिओवर आली, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि बराच वेळ उभे राहिले. कुणी त्यांना चला म्हणालं नाही. त्या क्षणी मला बेचाळीस माणसांची बस आठवली.

समरकंदला आगगाडीने गेलो. अफ्रोसियोब नावाची वेगवान गाडी, दोन-सव्वादोन तासांत पोचवते. रेगिस्तान चौकाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तीन बाजूंना तीन मदरसे, मधे मोकळं आवार. मी तिथं दोनदा गेले, सकाळी आणि दिवे लागल्यावर, आणि त्याचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. त्यातला सगळ्यात जुना मदरसा उलुगबेगचा, १४२० चा. हा तैमूरचा नातू. राजा होता, पण त्याचा जीव आकाशात. शहराच्या कडेला टेकडीवर त्याने वेधशाळा बांधली. दुर्बीण निघायच्या कितीतरी आधी, साधारण चाळीस मीटर त्रिज्येची दगडी कमान उभारून त्याने आणि त्याच्या माणसांनी हजारावर ताऱ्यांच्या जागा मोजल्या. १४४९ मध्ये पोटच्या मुलाच्या इशाऱ्यावरून त्याचा खून झाला, वेधशाळाही गेली. जागा कुठं होती हेसुद्धा लोक विसरले. १९०८ मध्ये व्यात्किन नावाच्या अभ्यासकाने ती शोधली, तीही एका जुन्या वक्फनाम्यातल्या जमिनीच्या खुणांवरून. जमिनीखाली उरलेली कमान आज वरून बघता येते, खोल उतरत गेलेल्या दगडी घसरगुंडीसारखी. आपल्या सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारलं तेव्हा उलुगबेगचे तक्ते त्याच्यासमोर होते, असं सरांनी सांगितलं. नांदेडच्या शिक्षिका कठड्याला धरून अर्धा तास उभ्या होत्या. मुलांना शिकवताना आता मी हे कसं सांगू, असं त्यातली एक स्वतःशीच बोलत होती.

तैमूरच्या कबरीपाशी मात्र वातावरण बदललं. गूर-ए-अमीर. निळा घुमट, आत काळपट हिरव्या जेडचा दगड. सर सांगत होते, याच घराण्यातला बाबर, त्याच्या पिढ्या दिल्लीला, आणि त्याच वंशाची एक शेवटची मोठी वास्तू आपला बीबी का मकबरा. त्यावर डॉक्टर गाईडला म्हणाले, ‘‘तुमच्याकडे त्याचे पुतळे आहेत. आमच्याकडे १३९८ ची दिल्ली आहे. किती माणसं कापली त्याने.’’ आवाजात राग होता. ती मुलगी गडबडली नाही. म्हणाली, ‘‘आम्हाला शाळेत दिल्लीवर एक ओळ होती. विजय मिळवला, हत्ती आणले. हिंदुस्थानातून लोक यायला लागले आणि त्यांचे चेहरे बघितले, तेव्हापासून ती ओळ मी त्यांच्या बाजूने वाचते.’’ पुढे बीबी-खानुमच्या मशिदीत, जिचे दगड ओढायला दिल्लीहून नेलेले हत्ती जुंपले होते, तिने स्वतःहून दिल्लीचा विषय काढला आणि काही लपवलं नाही. डॉक्टर संध्याकाळी तिच्यासाठी जर्दाळूची पुडी घेऊन आले. इतिहासाचं असं दोन्ही बाजूंनी बोलणं मी कुठल्याच सहलीत ऐकलं नव्हतं.

मला समरकंदात सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर कोनीगिल. शहराबाहेर ओढ्याकाठी कागदाचा कारखाना आहे, जुन्या पद्धतीने चालणारा. ७५१ च्या तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी लोकांकडून ही विद्या समरकंदला आली, असं सांगतात. तुतीच्या फांद्यांची साल सोलायची, उकळायची, कुटायची. कुटायला मुसळं आहेत लाकडाची, आणि ती उचलतं ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं उभं चाक. धप्, धप्, धप्. पुढचं सगळं मी कागजीपुऱ्यात पाहिलेलं : तोच साचा, तीच हलवायची लकब, तोच उलटायचा हात. शेवटी वाळलेला ताव गुळगुळीत दगडाने घोटून चमकवतात. तिथल्या बाईंनी मला साचा हातात दिला. माझा ताव एका कडेला जाड झाला. त्यांनी हसत माझी मनगटं धरली आणि हलवण्याची लय दाखवली. एकही शब्द न बोलता. घोटलेल्या कागदाचा एक पिवळसर तुकडा मी विकत घेतला, कागजीपुऱ्याच्या तावाशेजारी ठेवायला.

समरकंदहून बुखाऱ्याला आगगाडी असताना सरांनी मुद्दाम रस्ता घेतला होता. अडीच-पावणेतीनशे किलोमीटर, सतरा सीटची गाडी. दुतर्फा कापूस. तासाभरात अकांनी गाडी थांबवायला लावली. बाया कमरेला कापड बांधून त्याची ओटी करून वेचत होत्या, अगदी आपल्या बायांसारख्या. अका सरळ शेतात शिरले, एक बोंड हातात घेतलं, फोडून आत पाहिलं, मातीचा खडा कुस्करला. ‘‘पाणी कसं द्यायलेत ह्ये? सऱ्या बघा की. आपल्याला एक पाणी गावंना आन् ह्यांच्या सऱ्या भरून वाहायल्यात.’’ मग प्रश्नांची सरबत्ती. वेचण्या किती, भाव कोण ठरवतं, अळी पडते का. गाईडने जमेल तेवढं विचारून सांगितलं आणि मग स्वतःचं सांगितलं. पूर्वी हंगामात सरकार विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, दवाखान्यातल्या नोकरदारांनासुद्धा वेचणीला पाठवायचं. ती स्वतः कॉलेजात असताना दोन हंगाम गेली होती, बोटं फाटली होती. त्या सक्तीमुळे परदेशी कंपन्यांनी इथल्या कापसावर बहिष्कार टाकला होता, आणि सक्ती बंद झाल्यावर २०२२ मध्ये तो उठला. ‘‘आणि या सऱ्यांचं पाणी फुकट आलेलं नाही,’’ ती म्हणाली. आमू आणि सीर या दोन नद्या जिथं पोचायच्या तो अरल समुद्र. एके काळी जगातल्या चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९६० नंतर कापसासाठी नद्या कालव्यांत वळवल्या आणि समुद्र आटला. मुयनाक नावाचं बंदर होतं, तिथं आता वाळूत जहाजं उभी आहेत.

गाडीत कुणीच बोलेना. मग लातूरचे काका म्हणाले, ‘‘आमच्या गावाला आगगाडीनं पाणी आलं होतं. २०१६ ला. मिरजेहून.’’ गाईडला वाटलं तिला हिंदी नीट कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. काकांनी सगळं सविस्तर सांगितलं : टँकरच्या रांगा, घागरींवर लिहिलेली नावं, रात्री दोन वाजता येणारा पाण्याचा नंबर. तिने ते ड्रायव्हरला उझबेकमध्ये सांगितलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि कितीतरी वेळ आरशातून काकांकडे बघत राहिला.

पुढे रबात-ए-मलिक लागलं. अकराव्या शतकातल्या कारवानसराईचं, म्हणजे तांड्यांच्या धर्मशाळेचं, फक्त प्रवेशद्वार उभं आहे, आणि रस्त्यापलीकडे सरदोबा, म्हणजे घुमटाखालचं पाण्याचं टाकं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत उतरलो तर आपल्या बारवेत उतरल्यासारखा गारवा. ओसाड मुलखातून जाणारे तांडे याच पाण्यावर जगायचे. याच वाटेने बाबा मुसाफिर समरकंदकडे गेले असतील का, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, ‘‘पुराव्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पण गिजदुवानहून पूर्वेला जायला मोठा रस्ता हाच.’’

त्या संध्याकाळी गिजदुवानला थांबायचं ठरलं होतं. पण आमच्या गाडीचं इंजिन तापायला लागलं. कंपनीने पाठवलेली दुसरी गाडी यायला तीन तास लागले. आधीच्या फेरीतही तोच दोष निघाला होता, हे ड्रायव्हरच्या बोलण्यातून कळल्यावर मला मनस्वी चीड आली. गिजदुवान आम्ही अंधारात पार केलं. दुकानांचे दिवे आणि एक कमान, एवढंच दिसलं. मी खिडकीला नाक लावून बसले होते. बहिणीने माझा हात धरला.

बुखारा पायी बघायचं गाव आहे. ११२७ चा कल्याण मिनार, सेहेचाळीस मीटर उंच. चंगेजखानाने गाव जाळलं पण तो ठेवला. छतं घातलेले जुने बाजार, सामानी राजघराण्याची विटांची कबर. आम्ही मात्र दोन्ही संध्याकाळी लब-ए-हौझवर बसून काढल्या. म्हणजे हौदाचा काठ. १६२० चा हौद, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, कडेला शतकांची तुतीची झाडं, चहाच्या किटल्यांवर निळ्या रंगात कापसाच्या बोंडाची नक्षी. अकांनी त्यातली एक किटली घेतलीच.

एके काळी बुखाऱ्यात असे पुष्कळ हौद होते, गाईड सांगत होती. भिश्ती पखाली भरून घरोघर पाणी द्यायचे. पण त्या पाण्यातून एक रोग पसरायचा, रिश्ता. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, न्हावी तो काडीवर गुंडाळत गुंडाळत दिवसेंदिवस बाहेर काढायचे. सोव्हिएत काळात त्यासाठीच बहुतेक हौद बुजवले. ती हे सांगत असतानाच डॉक्टर आणि काका एकदम म्हणाले, ‘‘नारू!’’

काकांनी पँट वर करून घोट्याजवळचा व्रण दाखवला. लहानपणी गावच्या बारवेचं पाणी प्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यातल्या बारीक किड्यातून हा जंत पोटात जातो, वर्षभराने पायातून निघतो आणि त्या पायाने माणूस बारवेत उतरला की पुन्हा पाणी नासतं. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाणी गाळायला शिकवून तो घालवला, २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. गाईडने काकांच्या व्रणावर बोट ठेवलं. तिच्या पणजीच्या पायाला अगदी तिथंच होता. दोन देशांतल्या दोन पायांची ती गोष्ट मला सगळ्या घुमटांपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी अमीराचा उन्हाळी महाल आणि मग खरेदी, असा कार्यक्रम होता. आदल्या रात्री जेवताना मी धीर करून बोलले, की मला गिजदुवान बघायचंय, टॅक्सी करून मी एकटी जाऊन येते, तुम्ही महाल बघा. वहिनी लगेच म्हणाल्या, ‘‘एकटी का म्हणून? माझं पण माहेरचं गाव असतं तर?’’ अका म्हणाले, महाल ऱ्हाऊ द्या. दोन मिनिटांत ठरलं. गटात अकराच माणसं, म्हणून जमलं.

गिजदुवान बुखाऱ्यापासून तासाभराच्या आत. निळ्या-तपकिरी मातीच्या भांड्यांसाठी हे गाव नावाजलेलं. मध्यभागी अब्दुलखालिक गिजदुवानी यांची समाधी आणि तिच्या शेजारी उलुगबेगनेच १४३३ मध्ये बांधलेला लहानसा मदरसा. समरकंदच्या मानाने अगदी साधा. आवारात झाडं, बाकं, कबुतरं. नक्शबंदी परंपरेची मुळं या गिजदुवानींपर्यंत जातात. त्या परंपरेचं ब्रीद गाईडने आधी ताजिकमध्ये, म्हणजे तिथल्या फारसी बोलीत म्हटलं, मग अर्थ सांगितला : मन त्याच्यापाशी, हात कामापाशी. अका पटकन म्हणाले, ‘‘ह्ये तर आमच्या सावतोबांचंच झालं की.’’ वहिनींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि समाधीच्या भिंतीला कपाळ टेकवलं, पैठणला नाथांच्या वाड्यात टेकवतात तसं.

मी गाईडला पलंगपोश या नावाबद्दल विचारलं. चादर म्हणतेस, म्हणून ती चकित झाली. ‘‘पलंग म्हणजे आमच्या ताजिकमध्ये बिबट्या. पलंगपोश म्हणजे बिबट्याचं कातडं पांघरणारा.’’ साठ वर्षं मी त्यांना चादरवाले बाबा समजत होते. डोळ्यांसमोर एकदम दुसराच माणूस उभा राहिला. खांद्यावर कातडं टाकून बर्फातून, घाटांतून, नद्यांतून महिनोन्महिने चालत येणारा.

आवार झाडणारे एक म्हातारबाबा आमच्याजवळ आले. डोक्यावर काळी चौकोनी टोपी. एवढी साडीतली माणसं कुठून आली, त्यांनी विचारलं. मी मोबाइलमधला पाणचक्कीचा व्हिडिओ लावला. भिंतीवरून पडणारं पाणी, हौद, वड, दर्गा. गाईड सांगत होती : तुमच्या गावची दोन माणसं तीनशे वर्षांपूर्वी यांच्या शहरात गेली, तिथंच राहिली, तिथंच त्यांची कबर आहे. बाबांनी फोन हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेला. व्हिडिओ संपला की परत लावायला सांगायचे. चार वेळा बघितला. मग विचारलं, ‘‘चक्की अजून दळते का?’’

मी म्हटलं, ‘‘चाक फिरतं. पीठ पडत नाही. लोक बघायला येतात.’’

‘‘पाणी कुठून आणलंय?’’

सरांनी खाली बसून काडीने मातीत आकृती काढली. डोंगर, नळ, भिंत, चाक. बाबा वाकून बघत होते. नळ मातीचे का, किती लांब, मधे गाळ साचला तर कुठून काढतात, असे नेमके प्रश्न. अखेर तळवे जोडून चेहऱ्यावरून फिरवले आणि आम्हा सगळ्यांसाठी दुवा केली. निघताना आतून एक नोन आणून वहिनींच्या हातात दिली. आम्ही गाडीत ती अकरा जणांत मोडून खाल्ली. शेंगदाण्याची चटणी संपत आली होती, ती शेवटची त्या दिवशी संपली.

परत आल्यावर दुसऱ्याच शुक्रवारी मी पाणचक्कीला गेले. गिजदुवानच्या समाधीचा आणि मदरशाचा मोठा फोटो छापून नेला होता. दर्ग्यातल्या वयस्कर मुजावरांना दिला. माझ्या लहानपणी आम्हाला हौदातून हाकलणाऱ्यांचे ते मुलगे. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला. वडील नेहमी बुखारा-बुखारा म्हणायचे, पण चित्र कधी पाहिलं नव्हतं, म्हणाले. मग मला विचारलं, ‘‘वहां पानी कैसा है?’’

कालवा आहे, म्हटलं. रस्त्याच्या कडेने भरून वाहत होता.

त्यांनी फोटो आतल्या कोनाड्यात ठेवला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.